होसियत पायी निघाली

मर्गिलानच्या रेशीम गिरणीत एकतीस वर्षं मागासमोर उभी राहिलेली होसियत ताश्कंदला पहिल्यांदा आली तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती, आणि चाळीस वर्षं ती त्या शहराचा दुस्वास करत आली होती.

शहरानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. केलं होतं ते तिच्या नवऱ्यानं, तेही लग्नाच्या आधी. तोलिब एकोणीस वर्षांचा असताना यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं ताश्कंदला राहिला होता. मोठ्या भूकंपानंतरचे ते दिवस. निम्मं शहर पडलेलं, निम्मं उभं राहत असलेलं, रस्ते उखडलेले, त्यामुळे जो तो पायी. शिकून परत आला, गिरणीत लागला, घरच्यांनी होसियतशी लग्न लावून दिलं. माणूस सरळ. कधी दारू नाही, कधी हात उगारणं नाही. पण ताश्कंदचा विषय निघाला की त्याच्या तोंडून एक शब्द हमखास यायचा. ‘आम्ही’. "आम्ही अंखोर कालव्याच्या काठानं चालत जायचो." "चौकातल्या चिनाराखाली आम्ही बसायचो." नव्या नवरीनं एकदा विचारलं, "आम्ही म्हणजे कोण हो?"

"आम्ही म्हणजे आम्ही पोरं," म्हणाला, आणि पियाल्यातल्या चहाकडे बघत राहिला.

होसियतच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण पुराव्याशिवाय भांडायचं कसं?

पुरावा मिळायला बारा वर्षं लागली. बारा वर्षं मूल नव्हतं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, पिरांच्या जागा झाल्या, आणि शेवटी मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवायला सगळे बसले तेव्हा तोलिब हळूच म्हणाला, "नाइल्या ठेवू या?"

त्याची आई फणकारली. "हे कुठलं? तातारांचं नाव आहे ते! आपल्या सात पिढ्यांत कुणी तातार आहे का?" आणि तिनंच नाव ठेवलं ओयदिन. तोलिब पुन्हा काही बोलला नाही. पण पलीकडच्या खोलीत बाळाला पाजत बसलेल्या होसियतला सगळं कळलं. ‘आम्ही’मध्ये किती जण होते ते कळलं, आणि त्यातल्या दुसऱ्याचं नावही कळलं. बारा वर्षं देवाकडे पदर पसरून मागितलेल्या पोरीला हा माणूस त्या दुसरीचं नाव द्यायला निघाला होता! त्या दिवसापासून होसियतला सवत आली. घरात दिसत नव्हती एवढंच. मागावर धागे भरताना, कणीक मळताना, उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर पडल्यापडल्या होसियत तिला घडवत राहिली. बारीक कंबर दिली, पांढरा सदरा दिला, पाठीवर जाड वेणी दिली. स्वतःच घडवायची आणि स्वतःच जळायची.

नवऱ्याला मात्र तिनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

ओयदिन मोठी झाली, ताश्कंदला दिली. देताना होसियत रडली त्यातलं निम्मं रडणं शहराच्या नावानं होतं. मग ओयदिनला मुलगी झाली. पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या माहेरून न्यायचा असतो. रंगवलेला पाळणा, रजया, रोट्यांची गाठोडी असं सगळं गाडीच्या टपावर बांधून दोघं घाट ओलांडून ताश्कंदला आली. कार्य झालं, पाहुणे पांगले. ओयदिन म्हणाली, "आई, दहा दिवस राहा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोलिबनं टोपी घातली आणि म्हणाला, "चल, तुला शहर दाखवतो."

जावई म्हणाला, "गाडीनं सोडतो ना."

"ताश्कंद काय गाडीच्या काचेतून बघायचं असतं?" तोलिब म्हणाला. "चालायचं!"

ओयदिनच्या वस्तीतून, चिलान्झारहून, ते निघाले. हात पाठीमागे बांधून तो पुढे, ती दोन पावलं मागे. बासष्ट वर्षांचा, गुडघ्यांना तेल चोळून झोपणारा हा माणूस आज वीस वर्षांच्या पोरासारखा पाय उचलत होता. होसियतच्या ते डोळ्यांत खुपत होतं. मर्गिलानच्या बाजारात जायचं म्हटलं तर याला धाप लागते, आणि इथे बघा!

पण रस्ते बदलले होते. पाट्यांवरची नावं वेगळी, कोपऱ्यावरच्या इमारती वेगळ्या. तोलिब एका चौकात थांबायचा, डोकं खाजवायचा आणि ठामपणे चुकीच्या बाजूला वळायचा. विचारणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. "मी इथं राहिलोय," म्हणायचा. शेवटी होसियतनंच एका म्हाताऱ्याला अडवलं.

"चौक? सरळ जा. पूर्वी पावाचं दुकान होतं तिथून डावीकडं."

"आणि आता काय आहे तिथं?"

"आता कुठं काय आहे? पण पूर्वी होतं ना," म्हातारा म्हणाला, आणि गेला.

चौकात पोचायला दुपार झाली. तोलिबनं पावलं मंद केली, टोपी सरळ केली. आणि मग तो नुसताच उभा राहिला. समोर मोकळं मैदान. रांगेत लावलेली छोटी छोटी सुचीपर्णी झाडं, माणसाच्या छातीएवढी. ऊन नुसतं अंगावर कोसळत होतं.

"इथं... इथंच तर होते चिनार."

शेजारून जाणारी एक बाई थांबली. "तोडले, अका," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात."

तोलिबचा चेहरा असा झाला की जणू कुणी गेल्याची बातमी आली. आणि होसियतला, खोटं कशाला बोला, आनंद झाला. पोटातून झाला. जिथं ही दोघं बसायची ती सावलीच गेली. बरं झालं, तिनं मनात म्हटलं. वरकरणी म्हणाली, "चला, ऊन लागेल तुम्हाला."

परतताना ते अंखोरच्या काठानं आले. कालव्याचं पाणी वेगानं वाहत होतं, काठावर विलोच्या फांद्या लोंबत होत्या. एका चार मजली जुन्या इमारतीपाशी त्यानं हात वर केला. "ती बघ, वरची हिरवी गॅलरी. तिथं नाइल्या राहायची. तिचे वडील शिक्षक होते. आमच्याबरोबर चालायला यायची."

मीठ कुठं ठेवलंय हे सांगावं तसं तो ते नाव बोलला. अठ्ठावीस वर्षं होसियतनं जे नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते यानं भर रस्त्यात टाकलं आणि पुढे चालू लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळे त्या गॅलरीवर खिळले होते. कठड्यावर एक उशी वाळत घातली होती. म्हणजे तिथं कुणीतरी राहत होतं.

रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर ती उशी होती.

सकाळी तोलिब नातीला मांडीवर घेऊन बसला तेव्हा होसियतनं डोक्याला रुमाल बांधला. "बाजारात जाऊन येते."

"एकटी?" ओयदिन म्हणाली. "आई, तू हरवशील!"

"मला तोंड आहे," होसियत म्हणाली आणि जिना उतरली.

हरवली ती पहिल्याच अर्ध्या तासात. तिनं हिशेब असा केला होता की रस्त्याकडेच्या पाटांना पाणी अंखोरमधूनच येत असणार, तर पाण्याच्या उलट्या दिशेनं चालत गेलं की झालं. पाण्याच्या उलट चालत गेली आणि कालवा लागलाही. पण काठावर ना विलो, ना इमारत.

कपडे वाळत घालणारा एक माणूस हसला. "हा अंखोर नव्हे, खाला, हा बुरजार! घाटापलीकडच्या खोऱ्यातून आलात ना? बोलण्यावरून कळतं. तुमच्याकडं बहुतेक एकच कालवा असेल."

"आमच्याकडं कालवे कमी, पण माणसं रस्ता नीट सांगतात," होसियत म्हणाली.

माणूस वरमला आणि बरोबर येऊन तिला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून गेला. तो रस्ता एवढा रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी. गाड्या थांबेचनात. होसियत उभी राहिली. चार-पाच बाया ओलांडायला निघाल्या तशी ती त्यांच्या मधोमध शिरली, बकऱ्यांच्या कळपात शिरावं तशी, आणि पलीकडे निघाली. पुढच्या रस्त्याला ती वाट बघत थांबली नाही. तिसऱ्या रस्त्याला तिनंच हात दाखवून गाडी थांबवली. एका कोपऱ्यावर एक बाई कोवळे हिरवे जर्दाळू विकत होती, मीठ लावून खायचे आंबट. होसियतनं ओंजळभर घेतले. चालताचालता एक दाताखाली फोडला आणि तिच्या लक्षात आलं की आपण आज कुणाच्याही पाठीमागून चालत नाही आहोत. हे लक्षात आल्यावर ती आणखी ताठ चालू लागली. जायचं होतं भांडायला. काय भांडायचं ते ठरलं नव्हतं.

इमारतीच्या अंगणात बाकावर तीन म्हाताऱ्या होत्या.

"नाइल्या इथं राहतात का?"

"नाइल्या आपा? चौथा मजला. तुम्ही कोण तिच्या?"

होसियतनं रुमालाची गाठ घट्ट केली. "ओळखीची."

"मग वर जाताना एवढी रोटी न्या. आज अजून कुणी चढलं नाही तिच्याकडं."

आणि अशा रीतीनं होसियत सवतीच्या दारात हातात तिची रोटी घेऊन उभी राहिली.

दार उघडायला बराच वेळ लागला. आतून काठीचा आवाज येत होता. उघडलं तेव्हा दाराच्या चौकटीत मावणार नाही अशी एक स्थूल बाई दोन काठ्यांवर भार देऊन उभी होती. पांढरे केस पोरासारखे कापलेले, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं जोडलेली.

"आत ठेव, पोरी."

"मी पोरगी नाही. एकोणसाठ सरलं मला."

"मला बासष्ट. म्हणजे पोरगीच की," नाइल्या म्हणाली आणि तिच्याकडे निरखून बघू लागली. "तू या अंगणातली नाहीस."

"मी मर्गिलानची. तोलिबची बायको."

एवढं बोलून होसियत थांबली. आता तिचा चेहरा पडेल, लाजेल, नाहीतर दार लावून घेईल. चाळीस वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती.

"कुठला तोलिब?" नाइल्यानं विचारलं.

होसियतला वाटलं सोंग करतेय. "भूकंपानंतर इथं शिकायला होता. तुमच्याबरोबर अंखोरच्या काठानं चालायचा."

"अगं, तेव्हा सगळेच चालायचे! ट्राम बंद, रस्ते खणलेले. दहा-दहा जणांचा तांडा असायचा आमचा."

"बारीक होता. कान मोठे."

नाइल्या विचार करू लागली. खरंच करत होती. "नाही गं."

"बेसूर गायचा! घरून मनुका आल्या की सगळ्या वाटून टाकायचा!"

"थांब." नाइल्या काठ्या टेकत आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काखेत मारून आली. त्यात फोटो होते. एक काढून तिनं होसियतच्या हातात दिला. चिनाराच्या बुंध्यापाशी नऊ-दहा मुलं-मुली. पांढऱ्या सदऱ्यातली मुलगी मधोमध, कंबर खरंच बारीक. आणि सगळ्यात कडेला, अर्धा फोटोच्या बाहेर गेलेला, मोठ्या कानांचा तोलिब. त्या पोरसवदा नवऱ्याला होसियतनं कधी पाहिलं नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो मधोमध बघत होता.

मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळ्यांची नावं होती. शेवटचं होतं, "मर्गिलानचा एक."

"हाच असणार," नाइल्या म्हणाली. "नाव लिहायचं राहिलं वाटतं."

आणि होसियतचा असा भडका उडाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "राहिलं? नाव लिहायचं राहिलं? त्या माणसानं आमच्या मुलीचं नाव नाइल्या ठेवायला काढलं होतं! बारा वर्षांनी झालेली एकुलती मुलगी! सासू आडवी आली नसती तर जन्मभर मला घरात तुमच्या नावानं हाका माराव्या लागल्या असत्या! काल तुमच्या चिनारांची जागा बघून तो माणूस रडायचा बाकी होता. आणि तुम्हाला त्याचं नावसुद्धा माहीत नाही?"

नाइल्या तिच्याकडे बघत राहिली. "बये, तू माझ्याशी भांडायला आलीस की त्याच्या बाजूनं?"

होसियतनं हातातला फोटो उलटा करून पुन्हा सुलटा केला. मग नाइल्याला हसू फुटलं. ती हसली, हसताना ठसका लागला, होसियतला उठून तिला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन नाइल्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होती.

"माझं नाव कुणी कुणाला द्यायला काढलं होतं, हे मला आज कळतंय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं तर बोटीला सुद्धा दिलं नसतं. सात वर्षांत सोडून गेला. सांग ना मला, कसा आहे गं हा तोलिब?"

"का सांगू?" होसियत चटकन म्हणाली. पण चहा आला, आंबट जर्दाळू मधे ओतले गेले, आणि नाइल्यानं एक उचलून डोळे मिटून खाल्ला. "चार वर्षं झाली हे खाऊन. वर कुणी आणत नाही. कुणाला वाटतं म्हातारीचे दात जातील. कुठं मिळाले?"

"त्या मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. जिथं निळी कमान आहे."

"तिथं निळी कमान आहे?"

होसियतच्या ध्यानात आलं. "तुम्ही खाली कधी उतरला होतात?"

"गुडघे गेले तेव्हापासून नाही. चार मजले, इमारतीला लिफ्ट नाही. तू कशी आलीस?"

"चालत. चिलान्झारहून."

नाइल्यानं खाली वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. धुळीनं भरलेले मोजे, मागासमोर उभं राहून राहून घट्ट झालेल्या पोटऱ्या. त्या बघण्यात काय होतं ते होसियतला लगेच ओळखू आलं. चाळीस वर्षं ती स्वतः तसंच बघत आली होती.

"सांग," नाइल्या म्हणाली. "निघाल्यापासून सांग. एकही वळण गाळू नकोस."

मग मर्गिलानच्या बाईनं ताश्कंदच्या बाईला ताश्कंद सांगितलं. बुरजारचा तो माणूस, रुंद रस्ता, बायांचा कळप, कुठे काय पाडलं आणि कुठे काय उभं राहिलं. चौकात सावली उरली नाही हेही सांगितलं, आणि सांगताना काल झालेल्या आनंदाची तिला थोडी शरम वाटली. नाइल्या मधेमधे थांबवून विचारायची, "डावीकडं की उजवीकडं?" ऊन कललं तेव्हा कुठे होसियत उठली.

इकडे तोलिब ओयदिनच्या इमारतीच्या फाटकात घरातल्या चपलांवरच उभा होता. दोनदा बाजारापर्यंत जाऊन आला होता. "कुठं होतीस? ओयदिन रडायला लागली!"

"नाइल्याकडं."

तोलिबचे मोठे कान लाल झाले. मग टोपी नीट करत, दुसरीकडे बघत म्हणाला, "काय म्हणाली? आठवतो का मी तिला?"

इथं होसियतच्या हातात सुरी होती. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. चाळीस वर्षांचं उट्टं एका शब्दात निघालं असतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. थकलेला, घामेजलेला, पायांत चपला विजोड, एक जावयाची.

"म्हणाली, कान मोठे होते त्याचे," होसियत म्हणाली.

तोलिबला हसू आलं. पोरासारखं. आणि ते हसू बघून होसियतला पुन्हा असं काही झोंबलं की जेवताना ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. "मी पण येऊ का उद्या?" त्यानं विचारलं तेव्हा तर नाहीच. "चार जिने आहेत," ती ओयदिनकडे बघून म्हणाली. "झेपणार नाहीत बाबांना."

राहिलेले आठही दिवस ती रोज निघाली, रोज वेगळ्या वाटेनं, आणि रोज वर जाऊन ती वाट सांगितली. पुढल्या वसंतातही आली. त्याच्या पुढल्याही. चिलान्झारच्या शेजारणी तिला रस्ते विचारू लागल्या. तोलिबला तिनं एकदाही बरोबर नेलं नाही. कधी त्याचे गुडघे, कधी नातीला सांभाळायचं. तिसऱ्या वर्षी एक गंमत झाली. गप्पांच्या ओघात नाइल्या म्हणाली, "तुझा तोलिब ना, मला आता चांगला आठवतो. मनुका वाटायचा, बेसूर गायचा."

"काही आठवत नाही तुम्हाला!" होसियत उसळली. "हे सगळं मीच तर सांगितलंय!"

"असेल. पण आता आठवतं."

"नाही आठवत म्हणजे नाही आठवत!" आणि त्या दिवशी ती चहा अर्धा ठेवून खाली उतरली. दुसऱ्या दिवशी मात्र जर्दाळू घेऊन परत गेली.

सहा वसंत असे गेले. सातव्या वर्षी बाकावर दोनच म्हाताऱ्या होत्या. तिला येताना बघून त्या उठून उभ्या राहिल्या, आणि होसियतला कळलं. जानेवारीतच गेली, म्हणाल्या, झोपेत. तुमचा पत्ता नव्हता, नाहीतर कळवलं असतं. होसियतनं जिन्याकडे पाहिलं, चढली नाही. अंखोरच्या काठानं उलट चालत निघाली, आणि त्या दिवशी तिनं कुणालाच रस्ता विचारला नाही.

घरी येऊन तिनं तोलिबला सांगितलं. तो खिडकीपाशी बसला होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. होसियत थोडा वेळ ते बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काय रडता? तुमची ती दोन वर्षांची, तीही दहा जणांतली. माझी सहा वर्षांची होती."

"खरं आहे तुझं," तोलिब म्हणाला.

मग ती त्याच्या शेजारी बसली आणि स्वतः रडू लागली. तिचं रडून होईपर्यंत तो टोपीवरची नक्षी बोटानं चाचपत राहिला, आणि मग उठून चहाचं पाणी ठेवायला गेला.